पहिल्या बाजूचे नाखवा

माझ्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर एक लाल दिवा आहे. देवघरात लावतात तसला छोटासा बल्ब. आता तो लागत नाही. नवे पेशंट तोंड उघडण्यापूर्वी हमखास विचारतात, "डॉक्टर, हा कशाचा?" दातांच्या डॉक्टरकडे आलेल्या माणसाला लाल रंगाची कुठलीही वस्तू संशयास्पद वाटते. मी सांगते, "शेजारी गाणं चाललं की लागायचा." एवढ्याने कोणाचं समाधान होत नाही, पण तोवर मी त्यांच्या तोंडात आरसा घातलेला असतो.

शेजारी म्हणजे जयवंत नाखवा. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना आणि त्यांची 'नाखवा साऊंड सर्व्हिस' यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही बिल्डरने हात आखडून बांधलेली. स्पीकर, माईक, अँप्लिफायर भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. हळद असो, सत्यनारायण असो, निवडणुकीची सभा असो, दारात नाखवांचा टेम्पो उभा. माणूस ठाण्याच्या कोळीवाड्यातला. घरात पिढ्यान्पिढ्या खाडीची मासेमारी, आणि हे एकटे वायरी ओढत बसलेले. उंच, काळेसावळे, डोक्यावर केस नाहीत, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकूच येत नसे, कारण सगळं आयुष्य स्पीकरच्या एकाच अंगाला उभं राहण्यात गेलेलं. बोलताना ते उजवा कान पुढे करत, त्यामुळे समोरच्याला वाटे की हा गृहस्थ आपल्याकडे तोंड फिरवून उभा आहे. पहिल्या भेटीत मलाही तसंच वाटलं आणि मी जास्तच चिडले.

त्या दिवशी मी एका बाईंची दाढ कोरत होते आणि भिंतीपलीकडून अचानक असा दणदणाट सुरू झाला की बाई खुर्चीतून उठून बसल्या. मी मशीन बंद केलं, हातमोजे काढले आणि भांडायला निघाले. दारातच नाखवा भेटले. तेही भांडायलाच येत होते.

"डॉक्टरबाई, तुमचा तो घूंऽऽ आवाज आमच्या गाण्यात आलाय."

"आणि तुमचा ढोल माझ्या पेशंटच्या दाढेत गेलाय, त्याचं काय?"

"ढोल नाय तो. ड्रम हाय," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

मी त्यांच्या खोलीत डोकावले. स्पीकरच्या खोक्यांच्या मधल्या जागेत घामाने निथळणारी तिघंजणं उभी होती. ड्रमवर एक दाढीवाला मुलगा, गिटार घेतलेला दुसरा, आणि माईकसमोर कॉलेजची सॅक पाठीला तशीच अडकवलेली एक मुलगी. ती वैशाली. गिटारवाला तिचा भाऊ. तिघंही कल्याणची आणि त्यांच्या बँडचं नाव 'ओला कचरा'. आई-वडिलांनी पोराला इंजिनिअर करायचं ठरवलं की पोरं स्वतःला काय नाव देतील याचा नेम नसतो.

"मामा, राहू दे ना तो आवाज," वैशाली म्हणाली. तिचा घसा बसलेला होता. "गाणं पाण्याचंच आहे. लोकांना वाटेल खाली मोटर लावलीये. भारी वाटतंय उलट."

गाण्याचं नाव 'पाणी आलं'. आठवड्यातले काही दिवस नळ कोरडे राहणाऱ्या गल्लीत पाणी आलं की काय धावपळ उडते, तेवढंच त्यात होतं. 'पाणी आलं, हंडा धर, आई ऊठ, पाणी आलं', आणि हे सगळं इतक्या जिवाच्या आकांताने की ओरडणारी मुलगी आहे की मुलगा, हे कळू नये. नाखवांनी ते पुन्हा लावलं. गाण्याच्या मधोमध माझं ड्रिल खरोखरच मोटरीसारखं सुरू होत होतं. नाखवा खोलीबाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले, दाराकडे पाठ करून, उजवा कान किंचित मागे वळवून. गाणं संपल्यावर आत आले आणि म्हणाले, "वाजतंय."

त्यांच्या तोंडून निघणारी सर्वांत मोठी स्तुती हीच, हे मला पुढे कळलं. बाहेर जाऊन का ऐकता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "आत सगळे आपलेच असतात, डॉक्टरबाई. रस्त्यावरच्या माणसाला काय ऐकू येतं ते बघायला लागतं."

दुसऱ्या दिवशी ते ड्रिलमशीन घेऊन आले (त्यांचं, भिंतीला भोक पाडायचं), मला न विचारता भिंत आरपार भोसकली आणि हा लाल दिवा बसवून गेले. बटण त्यांच्या खोलीत. दिवा लागला की पलीकडे रेकॉर्डिंग चालू. तोवर मी दात साफ करायचे, माप घ्यायचं, गोळ्या लिहून द्यायच्या, पण ड्रिल लावायचं नाही. दिवा विझला की ड्रिल माझं. इतकी वर्षं हा करार आम्ही दोघांनीही पाळला. माझ्या नवऱ्याला मी कुठल्याच बाबतीत इतकं सांभाळून घेतलेलं नाही, असं तो अजून म्हणतो.

या मुलांच्या संगीताला पंक म्हणतात हे मला एका पेशंटकडून कळलं. तीन सूर, भरपूर आरडाओरडा आणि दोन मिनिटांत गाणं खलास. मला ते तेव्हाही आवडलं नाही आणि आजही आवडत नाही. अशी पोरं एकदा नाखवांकडे अँप्लिफायर भाड्याने मागायला आली. कोणत्याही स्टुडिओत त्यांना उभं करत नव्हते. नाखवांनी अँप्लिफायर दिला आणि वर म्हणाले, इथेच वाजवा, मी भरून देतो. कल्याणला भजनांच्या कॅसेटींचं एक दुकान बंद पडलं होतं, तिथलं कॅसेटी भरायचं मशीन त्यांनी उचलून आणलं. जग कॅसेट सोडून सीडीवर चाललेलं असताना हे गृहस्थ कॅसेट काढायला लागले. कंपनीला नाव दिलं 'भोंगा'.

भोंग्याच्या कॅसेटी पुण्या-नाशकाच्या कॉलेजांत, बंगळूरला, पार आसामात पोचल्या. त्या ऐकून तिकडच्या पोरांनी आपापले बँड काढले, आपापल्या कॅसेट कंपन्या काढल्या. एकदा इंग्रजी पेपरची एक मुलगी त्यांची मुलाखत घ्यायला आली. ठाण्यातल्या पंक चळवळीबद्दल आपली भूमिका काय, असं तिने विचारलं. नाखवा म्हणाले, "ते पंक-बिंक रोहनला विचारा. मी हळदीला लावतो तेवढ्याच जोरात भरतो."

रोहन म्हणजे 'फाटक बंद' या बँडचा गायक. डोंबिवलीचा, देखणा, बोलका, नाखवांचा विशेष लाडका. भोंग्याचं नाव झालं ते याच बँडमुळे. बाकीचे डझनभर बँड कोणाच्या खिजगणतीत नव्हते, आणि नाखवांचा जीव नेमका त्यांच्यात अडकलेला. म्हणून त्यांनी नियम केला होता की कॅसेटची पहिली बाजू नवख्यांची आणि दुसरी नाव झालेल्यांची. "लोक ज्याला शोधत येतात तो मागे बसणार," ते म्हणत.

"अहो, लोक सरळ पलटवतात कॅसेट," मी म्हणायचे.

"पलटवायला हातात घ्यावी लागते ना? तेवढ्यात नाव तरी वाचतात."

नावांचं त्यांना वेडच होतं. माईक तपासताना जगातला प्रत्येक माणूस 'हॅलो, हॅलो' म्हणतो. नाखवा आपल्या बँडची नावं पुकारत. माजिवड्याला एका उमेदवाराची सभा होती. व्यासपीठावर हार, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं तयार, आणि नाखवा माईकवर गंभीर आवाजात सांगताहेत, "ओला कचरा... ओला कचरा... लोडशेडिंग... ओला कचरा..." समोरच्या चाळीतल्या दोन बायका बादल्या घेऊन खाली आल्या. उमेदवाराचा माणूस धावत आला. "ओ नाखवा, साहेब गाडीतून उतरतायत आणि तुम्ही काय बोलताय!" नाखवांनी उजवा कान पुढे केला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि माईकवर म्हणाले, "फाटक बंद." त्या पक्षाने पुन्हा त्यांना बोलावलं नाही.

कॅसेटींवरची लेबलं त्यांची आई चिकटवायची. हिराबाई. वय झाल्यामुळे बाजारात बसणं बंद झालेलं, पण हात स्वस्थ बसत नसत. कोळीवाड्यात घरासमोरच्या अंगणात पाटावर बसून ती पिठाची खळ लावून एकेक लेबल चिकटवी आणि कॅसेटी ओळीने उन्हात सुकायला ठेवी. शेजारीच जवळा सुकत घातलेला असे. त्यामुळे भोंग्याच्या प्रत्येक कॅसेटला सुक्या मासळीचा वास यायचा. आसामातल्या एका पोराने लिहून कळवलं होतं की वास उडून जाऊ नये म्हणून तो कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. हिराबाईला वाचता येत नव्हतं. म्हणून नाखवांनी सोय केली होती: वरच्या बाजूला लाल लेबल, ती बाजू पहिली, मग पालथी करून निळं, ती दुसरी. खोक्यात कॅसेटी पहिली बाजू वर करून ठेवायचं काम नाखवांचं.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण सगळं पुढचं रामायण इथून झालं.

वर्षं गेली. ओला कचरा केव्हाच मोडला. वैशालीचं लग्न झालं, भाऊ परगावी नोकरीला गेला, आणि ते नाव माईक तपासण्यापुरतं उरलं. हिराबाई गेली. फाटक बंद मात्र वाजत राहिला. रोहनचे केस कानापाशी पांढरे झाले, पण उडी मारायची हौस तशीच होती.

तीनेक वर्षांपूर्वी एका दुपारी तो जवळजवळ नाचतच आला. माझ्याकडे पेशंट नव्हता, म्हणून मीही शेजारी चहा प्यायला गेले होते. परदेशात एक छोटी कंपनी आहे, ती देशोदेशीच्या विसरलेल्या बँडच्या तबकड्या काढते. त्यांना फाटक बंदची तबकडी काढायची होती.

"मामा, खरीखुरी एलपी! आणि पहिलं गाणं कुठलं माहितीये? त्यांना वेड लागलंय त्या गाण्याचं. नेटवर कोणीतरी टाकलेलं, तिथूनच त्यांनी आपल्याला शोधलं." त्याने मोबाईल पुढे धरला आणि गाणं लावलं.

पाणी आलं, हंडा धर, आई ऊठ.

मी चहाचा कप खाली ठेवला. मध्यावर माझं ड्रिल आलं, घूंऽऽ. मोबाईलवर नाव दिसत होतं: फाटक बंद.

नाखवा बाहेर गेले नाहीत. तिथेच स्टुलावर बसून राहिले. गाणं संपलं तरी 'वाजतंय' म्हणाले नाहीत.

"हे वैशालीचं आहे," त्यांनी सांगितलं.

"हो यार मामा, मला काय माहीत नाय का? पण लोक पहिल्यापासून आमचंच समजतात. लोक मागायचे म्हणून आम्ही वाजवायला लागलो. सुरुवातीला सांगायचो ना मी, की हे ओला कचराचं आहे म्हणून? मग एकदा राहिलं सांगायचं. मग..." तो थांबला. "आता त्यांचा बँडच नाही. ती कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? कोणाचं काय जातंय?"

"तिचं जातंय."

"आणि माझं? मी वीस वर्षं हेच केलंय, मामा. दुसरं काय केलंय मी?"

हे तो ओरडून म्हणाला नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. रोहन लबाड नव्हता. त्याने आयुष्यभर वाट बघितलेली गोष्ट समोर आली होती आणि ती दुसऱ्याच्या गाण्यावर बसून आली होती. नाखवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, पण तो उठून गेला.

त्यानंतर नाखवा माझ्या दवाखान्यात आले आणि आपणहून पेशंटच्या खुर्चीत बसले. मी चकितच झाले. हा माणूस कानाचे पडदे फाटतील अशा स्पीकरांसमोर सुखाने उभा राहायचा, पण माझ्या बारक्याशा ड्रिलला इतका घाबरायचा की तुटक्या दाढेवर लवंग ठेवून दिवस काढत होता. मी हात धुवायला लागले.

"दात नाय दाखवायचा," ते म्हणाले. "इथे बसू द्या जरा. शांत हाय."

मग समोरच्या विझलेल्या लाल दिव्याकडे बघत त्यांनी सांगितलं. पहिल्या बाजूला ओला कचरा आणि दुसऱ्या बाजूला फाटक बंद अशा कॅसेटींचं एक मोठं खोकं त्यांनी कोळीवाड्यात नेलं होतं. घाईत कॅसेटी पालथ्या ठेवल्या गेल्या. हिराबाईने नेहमीप्रमाणे वरच्या बाजूला लाल, खालच्या बाजूला निळं चिकटवलं. वैशालीच्या बाजूवर निळं लेबल, म्हणजे फाटक बंदचं नाव गेलं. सगळं खोकं तसंच सुकलं, बाहेरगावी जायला तयार झालं, तेव्हा नाखवांच्या लक्षात आलं.

"मग काढायची लेबलं!"

"दोन दिवस पाटावर बसून लावलेली तिनं. गुडघे धरलेले तिचे. माझ्यासमोर उपटायची? चूक माझी, आणि तिला वाटलं असतं, आपल्याला वाचता येत नाय म्हणून पोराचा धंदा बुडवला. बोल्लो, जाऊ दे, पुढच्या खोक्यात बरोबर करू. पुढचं केलं बरोबर. पण गेलं ते गेलं. तेच खोकं बंगळूरला गेलं, आसामात गेलं. तेच लोकांनी ऐकलं."

"नंतर कधीतरी सांगायचंत."

"आय होती तोवर तोंड उघडलं नाय. तिच्या कानावर गेलं असतं." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "आता ती नाय. आता कुणाच्या मागे लपू?"

मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटली. मी दोन्ही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग उद्या कल्याणला याल का माझ्याबरोबर? एकट्याने जायला भ्या वाटते."

वैशालीचा पत्ता त्यांनी तिच्या भावाकडून मिळवला होता. कल्याणच्या घाऊक फुलबाजारात तिच्या सासरच्यांचा गाळा होता आणि आता तीच तो सांभाळत होती. सकाळची वेळ, सगळीकडे झेंडूचे ढीग, ओल्या पोत्यांचा वास, हमाल अंगावर येताहेत. आम्ही गाळा शोधत होतो, तेवढ्यात नाखवा एकदम थांबले. उजवा कान त्यांनी आवाजाच्या दिशेला वळवला. पलीकडच्या गल्लीत एक बाई झेंडूचा भाव पुकारत होती. सगळ्या बाजाराच्या गोंगाटावर तिचा आवाज चढत होता.

"वाजतंय," ते पुटपुटले.

वैशालीने आम्हाला पाहिलं आणि ती गोण्यांवरून उडी मारून आली. "मामा! तुम्ही इकडे कुठे? आणि डॉक्टर पण!" तिने आमच्यासाठी चहा मागवला, पोरग्याला सांगून दोन खोकी पालथी घालून आम्हाला बसवलं. नाखवांनी चहाला हात लावला नाही. जे झालं ते सरळ सांगून टाकलं, खोकं, लेबलं, आई, रोहन, परदेशातली कंपनी. आईचा दोष नाही, हे दोनदा सांगितलं.

ती ओढणीने हात पुसत ऐकत होती.

"मला माहिती होतं, मामा."

"कधीपासून?"

"माझी मुलगी आता कॉलेजला आहे ना, तिनेच मला ऐकवलं मोबाईलवर. बोलली, आई, ऐक, ठाण्याचा खूप भारी बँड आहे, जुना. मी ऐकलं. बोलले, अगं, हा माझा आवाज आहे. ती हसायला लागली. बोलली, नाव बघ ना खाली. नंतर तिने नेटवर शोधून कॅसेटचा फोटोपण दाखवला." वैशाली हसली, पण ते हसू नीट जमलं नाही. "फोटोत तुमचंच निळं लेबल. आता यावर मी काय बोलणार?"

"मला फोन करायचा," नाखवा म्हणाले.

"तुम्ही कराल म्हणून थांबलेले मी."

एक हमाल गोणी घेऊन आला, त्याला वाट द्यायला आम्ही उठलो आणि पुन्हा बसलो. मग नाखवा म्हणाले, "एलपीचं मी बघतो. तुला काय पाहिजे ते सांग."

"मला एलपी नको. मुलगी मला खोटारडी समजते, मामा, प्रेमाने समजते, पण समजते. तेवढं बदलून द्या."

परत दवाखान्यात आल्यावर नाखवांनी मला कंपनीला पत्र लिहायला बसवलं, कारण रोहन आता त्यांचा फोन घेत नव्हता. ते सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेले. 'गाणं ओला कचराचं आहे. चूक माझी आहे. गाण्यात मोटरीचा जो आवाज आहे तो शेजारच्या डॉक्टरबाईंचा आहे,' हेही घालायला लावलं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाले, "सगळ्यांची नावं आली पाहिजेत."

कंपनीने उत्तर दिलं, सभ्यपणे. त्यांना ते एक गाणं हवं होतं, खऱ्या नावानिशी, वेगवेगळ्या बँडच्या एका संग्रहात. फाटक बंदची तबकडी तूर्त बाजूला ठेवत असल्याचं त्यांनी कळवलं होतं. तूर्तचा अर्थ आम्हाला कळला, रोहनलाही कळला. नाखवांनी त्याच्या डोंबिवलीच्या घरी दोनदा चक्कर मारली. दोन्ही वेळा तो घरी नव्हता, म्हणजे दार त्याच्या आईने उघडलं आणि आत गिटार वाजत होती. "बरोबर हाय त्याचं," नाखवा म्हणाले. "मी त्याच्या जागी असतो तर मीपण नसतो भेटलो." हे त्यांना फार लागलं होतं. त्या दिवसांत माईक तपासताना ते फाटक बंदचं नाव सगळ्यात आधी घ्यायचे.

मग त्यांनी त्या चुकलेल्या कॅसेटी परत मागवायला सुरुवात केली. ज्याच्याकडे असेल त्याने पाठवा, दुरुस्त करून परत पाठवतो. पोस्टाने, कुरिअरने, कोणाच्या हाती, कॅसेटी येत राहिल्या. ती पोरं आता बाप्ये झाली होती. काहींना मुलं होती, काहींना माझ्या धंद्याची गरज पडेल असे दात. आसामातून एक पाकीट आलं, आत प्लास्टिकची पिशवी, आणि वास खरोखरच शिल्लक होता. नाखवांनी नवी लेबलं छापून घेतली. दुकानात जमिनीवर आईचा पाट टाकून, तिच्यासारखेच एक गुडघा वर करून बसायचे आणि खळ लावून एकेक चिकटवायचे. मी बघितलं, जुनी लेबलं ते काढत नव्हते. वरूनच नवं लावत होते.

"अहो, जाड होईल. कॅसेट प्लेअरमध्ये अडकेल," मी म्हटलं.

"अडकू दे. झाकण दाबून धरतील. खाली आयची हाईत."

एका संध्याकाळी रोहन आला. हातात पिशवी, पिशवीत त्याच्या घरी पडून असलेल्या त्याच खोक्यातल्या कॅसेटी. ती त्याने पाटाशेजारी ठेवली. नाखवा म्हणाले, "बस." तो म्हणाला, "गाडी रस्त्यात लावलीये." बसला नाही, पण गेलाही नाही. शटरला टेकून नाखवांचे हात बघत उभा राहिला. बाहेर ट्रॅफिक पोलिसाची शिट्टी वाजायला लागली, तेव्हा गेला. पुढच्या महिन्यात ठाण्याच्या एका कॉलेजात त्याचा कार्यक्रम झाला. 'पाणी आलं' वाजवण्याआधी त्याने ते कोणाचं आहे हे सांगितलं, असं मला तिथे गेलेल्या एका पेशंटने सांगितलं. मी भिंतीवर थाप मारून नाखवांना बोलावलं आणि पेशंटला तेच पुन्हा सांगायला लावलं. नाखवांनी उजवा कान पुढे करून ते ऐकलं आणि परत गेले.

नाखवा आता नाहीत. हृदयाने दगा दिला, टेम्पोतून स्पीकर उतरवताना. त्यांच्या खोलीत आता केकचं दुकान आहे आणि भिंतीपलीकडून काहीही ऐकू येत नाही.

मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते त्यांच्या जाण्याच्या थोडं आधी. दुपार होती. मी एका काकांच्या दाढेवर काम करत होते आणि अचानक लाल दिवा लागला. मला नवल वाटलं, कारण रेकॉर्डिंग बंद होऊन बरेच महिने झाले होते. पण करार म्हणजे करार. मी ड्रिल बाजूला ठेवलं आणि काचेतून बाहेर पाहिलं. शेजारच्या दारात वैशाली एका उंच मुलीला घेऊन आत शिरत होती. मुलीचं नाक आणि हनुवटी थेट आईची. नाखवांनी त्या दोघींना आत बसवलं, कॅसेट लावली आणि स्वतः बाहेर आले. फुटपाथवर उभे राहिले, दाराकडे पाठ करून, उजवा कान किंचित मागे वळवून.

भिंतीतून वैशालीचा आवाज यायला लागला. पाणी आलं, हंडा धर, आई ऊठ. मग मधोमध ते घूंऽऽ सुरू झालं. खुर्चीतले काका घाबरून माझ्या हातांकडे बघायला लागले. माझे दोन्ही हात रिकामे होते.

"कुठून येतोय हा आवाज?" त्यांनी विचारलं.

"माझंच आहे," मी म्हटलं. "जुनं."

गाणं संपलं. आतून काही ऐकू आलं नाही, ना बोलणं, ना हसणं. बाहेर नाखवा तसेच उभे होते, वळून न बघता. आणि मग आत कोणीतरी पुन्हा तेच गाणं लावलं, पहिल्यापासून. त्यांनी टक्कलावरून हात फिरवला आणि ओठ हलले. काय म्हणाले ते काचेतून ऐकू आलं नाही, पण मला माहीत आहे.

काका म्हणाले, "डॉक्टर, सुरू करताय ना?" मी त्यांना थांबायला सांगितलं. दिवा विझेपर्यंत मी ड्रिलला हात लावला नाही.